सेवेचा ठरलेला वार

पुणे शहरास सभांची उणीव कधीच भासली नाही. वसंत व्याख्यानमालेपासून गल्लीतील गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीपर्यंत येथे बारा महिने कोठे ना कोठे खुर्च्या मांडल्या जात असतात, कोणी तरी बोलत असतो आणि कोणी तरी घड्याळाकडे पाहत असतो. अशा या शहरात रोटरी क्लब नावाच्या मंडळांच्या नियमित सभा भरतात, तेथे फराळ वा भोजन होते, आणि हीच मंडळे परदेशांतील आपल्या भगिनीसंस्थांच्या साह्याने लोकोपयोगी कामे करतात, हे पुष्कळांस ऐकून ठाऊक असते. परंतु या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. उलट, ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ ही म्हण जणू याच मंडळींसाठी झाली असावी, असा विनोद आपल्या कानी येतो. आमच्या एका विद्यार्थ्याने तर आम्हांस सरळच विचारले, “सर, यांना मदतच करावयाची आहे, तर जेवणाचे पैसे देऊन टाकून घरी का बसत नाहीत?”

प्रश्न मार्मिक आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याचे उत्तर शोधण्यासाठीच आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रथम आपल्याच शहरातील एका जुन्या चालीची आठवण करून देणे अवश्य आहे. बाहेरगावाहून विद्येसाठी पुण्यास आलेले गरीब विद्यार्थी पूर्वी ‘वार लावून’ जेवत असत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, याप्रमाणे सात घरे मिळाली म्हणजे मुलाचा आठवडा भागे आणि शिक्षणाचा मार्ग मोकळा होई. ही सोय सर्वांस सारखी लाभत नसे. ती बहुधा जातीच्या व ओळखीच्या कुंपणाआड होती, हे तिचे मोठे न्यून आपण झाकून ठेवू नये. तथापि तिच्यातील एक मर्म घेण्यासारखे आहे. वार देणाऱ्या गृहिणीचे मोठेपण तिच्या पंचपक्वान्नांत नव्हते. बुधवार आपला आहे आणि बुधवारी तो मुलगा दाराशी येणार आहे, हे ती विसरत नसे, यात होते. तिने एखाद्या सणास शंभर पाने उठविली असती आणि बुधवार मात्र चुकविला असता, तर त्या मुलास त्या दिवशी उपाशीच निजावे लागले असते. दान केव्हाही करता येते. वार मात्र पाळावा लागतो.

आता रोटरीच्या जन्मकथेकडे वळू. अमेरिकेतील शिकागो शहरी, २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने आपल्या तीन परिचितांसह पहिली बैठक भरविली. त्या तिघांत एक कोळशाचा व्यापारी होता, एक खाणींचा इंजिनिअर होता आणि एक शिंपी होता. अफाट आणि अनोळखी शहरात माणसास माणूस भेटावे, एवढाच त्यांचा आरंभीचा हेतू होता. बैठक पाळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरे. या फिरत्या पाळीवरूनच ‘रोटरी’ हे नाव पडले. नवलाची गोष्ट अशी की, त्याच वर्षी, १२ जून १९०५ रोजी, आपल्या पुण्यात नामदार गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. एकाने आपला व्यवसाय सांभाळून सेवा करू पाहणाऱ्यांस एकत्र केले, दुसऱ्याने सर्व आयुष्य सेवेस वाहणाऱ्यांस हाक दिली. समाजास दोन्ही प्रकारची माणसे हवी असतात; आणि पहिल्या प्रकारची माणसे संख्येने अधिक असल्यामुळे त्यांच्या थोड्या वेळास शिस्त लावणे, हेही लहान काम नव्हे. रोटरी भारतात १९१९ साली कलकत्त्यास आली, १९२९ साली मुंबईस आली, आणि पुढे काही वर्षांतच पुण्यातही रुजली. आज पुणे व रायगड हे दोन जिल्हे मिळून या संस्थेचा एक प्रांत होतो, आणि त्यात अनेक क्लब नांदतात. स्त्रियांस मात्र या संस्थेचे दार उघडण्यास १९८९ साल उजाडावे लागले. सेवेची भाषा बोलणाऱ्यांनीही अर्ध्या समाजास इतका काळ उंबऱ्याबाहेर ठेवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाने डिवचल्यामुळे आम्ही शहरातील अशा एका क्लबाच्या साप्ताहिक सभेस पाहुणे म्हणून गेलो. अध्यक्षांनी पितळी घंटेवर लहानशी हातोडी मारली आणि सभा ठरल्या मिनिटास सुरू झाली. पुणेरी सभेत एवढ्यानेच आमचे निम्मे समाधान झाले. राष्ट्रगीत झाले, सभासदांच्या वाढदिवसांचे अभिनंदन झाले, चिटणिसांनी सूचना वाचल्या. परगावच्या क्लबाहून आलेल्या एका पाहुण्याने आपल्या क्लबाचे छोटे रेशमी निशाण भेट दिले व येथील निशाण घेतले. मग एका डॉक्टरांचे मूत्रपिंडाच्या विकारांवर व्याख्यान झाले. येथवर आम्ही जे पाहिले, त्यावरून आमच्या विद्यार्थ्याचा आक्षेप खोटा ठरावा असे काही नव्हते. चहा उत्तम होता, हे मात्र कबूल केले पाहिजे.

परंतु सभा संपण्यापूर्वी एका वयोवृद्ध सभासदाने दोन मिनिटे बोलण्याची परवानगी मागितली. भोर तालुक्याच्या बाजूस एका शाळेत, परदेशातील एका क्लबाच्या अर्थसाह्याने, पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचे यंत्र या क्लबाने पूर्वी बसविले होते. हे गृहस्थ सकाळी सहज वाट वाकडी करून तेथे गेले, तो यंत्र बंद! चार महिन्यांपासून बंद! फिल्टर बदलावयास हवा होता. त्याचा खर्च कोणी करावयाचा हे कोणी ठरविलेले नव्हते. यंत्र चालविण्यास शिकविलेले शिक्षक बदलून गेले होते. मुले पुन्हा हंड्यातले पाणी पीत होती, आणि यंत्रावरची देणगीदारांच्या नावांची पाटी मात्र लख्ख पुसलेली होती.

सभेत शांतता पसरली. परदेशातील क्लबाकडे कामाचा अहवाल पाठविण्याची वेळ जवळ आली होती. “उद्घाटनाची छायाचित्रे आहेतच,” असे कोणी तरी हळूच म्हणाले. अध्यक्ष क्षणभर थांबले आणि म्हणाले, “यंत्र बंद आहे असेच लिहू. शनिवारी दोघांनी तिकडे जावे आणि पुढच्या सभेत येथे उभे राहून सांगावे.” दोन हात वर झाले. घंटा वाजली.

पुढील आठवड्यास आम्ही बोलाविल्यावाचूनच पुन्हा गेलो. त्या दोघांनी उभे राहून हिशेब दिला. फिल्टर बदलला होता. पुढील खर्चाचा काही वाटा शाळेच्या समितीने उचलण्याचे मान्य केले होते. नववीच्या दोन विद्यार्थिनींनी रोजची नोंद वहीत करण्याचे काम आपण होऊन मागून घेतले होते. विजेच्या बिलाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो त्याच्या पुढच्या आठवड्यावर ठेवण्यात आला.

आमच्या विद्यार्थ्यास द्यावयाचे उत्तर आम्हांस तेथे सापडले. ही मंडळी पैसे देऊन घरी बसली असती, तर ते यंत्र आजही बंदच राहिले असते. पैशाने यंत्र आले होते. ते चालू राहण्यासाठी कोणी तरी तिकडे जाणे, परत येणे, चारचौघांपुढे खरे सांगणे आणि आठ दिवसांनी पुन्हा त्याच चौघांपुढे उभे राहणे आवश्यक होते. साप्ताहिक सभेचे खरे मोल भोजनात नाही आणि व्याख्यानातही नाही. दिलेल्या वचनास पुढल्या आठवड्यात तोंड दाखवावे लागते, यातच तिचे सारे मोल आहे. नव्याचे नऊ दिवस संपल्यानंतर दहाव्या दिवशी कोण येतो, यावरून सेवकाची पारख होते. आपल्या समाजात आरंभशूरांचा तोटा नाही. तोटा आहे तो दहाव्या दिवशी येणाऱ्यांचा.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. आपल्याच शहरात, नदीकाठच्या वस्त्यांत इतके दैन्य असता, परदेशांच्या उठाठेवी कशाला? घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे, असेच हे नव्हे काय? याचे उत्तर पोलिओच्या इतिहासाने दिले आहे. १९१७ साली आर्च क्लम्फ या अध्यक्षांनी जगाच्या कल्याणासाठी एक कायमचा निधी असावा अशी सूचना केली, तेव्हा त्यात पडलेली पहिली देणगी होती अवघी २६ डॉलर ५० सेंटांची. थेंबे थेंबे तळे साचत गेले. १९७९ साली फिलिपाईन्स देशातील सुमारे साठ लक्ष बालकांस लस देण्याचे काम रोटरीने अंगावर घेतले, आणि १९८५ साली सर्व जगातून हा रोग हटविण्याचा संकल्प सोडला. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेने हेच ध्येय स्वीकारले, त्या वेळी सव्वाशेहून अधिक देशांत मिळून दरसाल सुमारे साडेतीन लक्ष मुले या रोगाने पांगळी होत होती. आपल्या देशात १९९५ सालापासून पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. पालकांस ते रविवार आठवत असतीलच: शाळेच्या पडवीत मांडलेले टेबल, बर्फाच्या पेटीतली लस, आणि करंगळीवर लावलेली शाईची खूण. भारतातील या रोगाचा शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये हावडा जिल्ह्यात आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्या देशासह सर्व दक्षिणपूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून घोषित झाला.

हे सर्व रोटरीनेच केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. सरकार, जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि उन्हातान्हात घरोघर हिंडलेल्या लाखो अंगणवाडी सेविका व स्वयंसेवक यांचे श्रम त्यात आहेत. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. एक, त्या मोहिमेतही यश मिळाले ते वार पाळल्याने. एकदा थेंब पाजून भागत नसे. पुन्हा तोच रविवार, पुन्हा तेच घर, पुन्हा तेच मूल. दुसरी गोष्ट अशी की, रोगाचा विषाणू देशाच्या सीमेवर परवाना दाखवून येत नाही. अफगाणिस्तान व पाकिस्तान या दोन देशांतून तो अद्याप हटलेला नाही, आणि म्हणूनच पुण्यातील तान्ह्या बालकांसही आज ते थेंब द्यावे लागतात. पेशावरच्या मुलाच्या तोंडात पडलेले दोन थेंब कसबा पेठेतल्या मुलाचेही रक्षण करतात. मग येथे ‘आपले’ कोण आणि ‘परके’ कोण?

शिवाय, आपण पुणेकर परदेशी मदतीचे जुने ऋणी आहो. पंडिता रमाबाई अमेरिकेस गेल्या, तेव्हा १८८७ साली बोस्टन शहरी त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. गावोगावच्या सामान्य स्त्रीपुरुषांनी दहा वर्षेपर्यंत दरसाल ठरावीक वर्गणी देण्याचे मान्य केले, आणि त्या बळावर १८८९ साली मुंबईस शारदा सदन उघडले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. येथेही दात्यांनी एकदाच भरघोस रक्कम देऊन हात झटकले नाहीत. दहा वर्षांचा वार लावून घेतला. आणि इकडे त्या पैशाची वाट पाहत कोणी रिकामे बसले नव्हते. रमाबाई स्वतः त्या विधवा मुलींमध्ये राहत होत्या. मदतीचा ओघ उलट दिशेनेही वाहिला आहे. आपण स्वतः परतंत्र आणि दरिद्री असताना, १९३८ साली चीनमधील युद्धपीडितांसाठी भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. ते मायदेशी परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तिकडेच देह ठेवला. आधी आपले घर भरावे, मग शेजाऱ्याकडे पाहावे, असा हिशेब त्यांनी केला असता, तर महाराष्ट्राचे नाव चीनमध्ये आदराने घेतले गेले नसते.

आमच्या विद्यालयात चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत प्रत्येक मुलास ठाऊक आहे. वाटेत लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या मनुष्यास स्वजातीयांनी टाळले आणि परक्या शोमरोन्याने उचलले, इतके सांगून आपण बहुधा थांबतो. परंतु त्या कथेत आणखी एक मनुष्य आहे, आणि त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. तो म्हणजे उतारशाळेचा धनी. शोमरोनी दोन नाणी त्याच्या हाती देऊन, या जखमी माणसाची शुश्रूषा करण्यास सांगून आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन असे वचन देऊन आपल्या मार्गाने जातो. पुढची रात्र, त्यापुढचा दिवस, मलमपट्टी, पेज, अंथरूण हे सर्व कोणी केले? उतारशाळेच्या धन्याने. आंतरराष्ट्रीय मदतीचे सारे तत्त्व या दोघांच्या व्यवहारात आले आहे. दूरच्याने द्यावे आणि परत येऊन विचारावे. जवळच्याने सांभाळावे आणि खरे सांगावे. रोटरीच्या मोठ्या अनुदानांसाठी दोन देशांतील क्लबांनी एकत्र यावे लागते, लोकांची गरज आधी जाणून घ्यावी लागते आणि नंतर अहवाल द्यावा लागतो. हा नियम करणाऱ्यांच्या मनात ही कथा असो वा नसो, नियम तिला धरूनच आहे. नुसता शोमरोनी असेल आणि उतारशाळा नसेल, तर मदत म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच होय.

इतके म्हटल्यावर या मंडळींचे दोष सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. मदत घेणाऱ्या मुलास देणगीदारांच्या मध्ये उभे करून त्याचे छायाचित्र काढण्याची हौस सोडली पाहिजे. वह्या घेताना ज्याची मान खाली गेली आहे, त्या मुलाचे चित्र भिंतीवर लावणे हे सेवेचे लक्षण नव्हे. नावांच्या पाट्या लहान असाव्यात आणि दुरुस्तीचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत असावे. सभेतील भाषा, थाट आणि भोजनाचा खर्च असा असावा की, एखादा प्राथमिक शिक्षक किंवा परिचारिकाही संकोचावाचून तेथे सभासद म्हणून बसू शकेल. चार संस्थापकांत एक शिंपी होता, याचा विसर पडता कामा नये. आणखी एक गोष्ट. २०१६ सालापासून क्लबांस दर आठवड्याऐवजी महिन्यातून किमान दोनदा भेटण्याची मुभा मिळाली आहे. आजच्या धावपळीत ती सोयीची असेल, पण त्या मोकळीकीबरोबर वार पाळण्याची वृत्तीही सैल झाली, तर मात्र मागे उरेल ते केवळ भोजन. आणि मग आमच्या विद्यार्थ्याचा आक्षेप खरा ठरेल.

विद्यार्थिमित्रहो, हा विषय थोरांचा आहे असे समजून पान उलटू नका. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘इंटरॅक्ट’ नावाचे क्लब १९६२ सालापासून निघाले आहेत. दरसाल एक काम आपल्या शाळेच्या वा गावाच्या हिताचे आणि एक काम परदेशांविषयी सद्भाव वाढविणारे करावे, अशी त्यांच्याकडून अपेक्षा असते. परंतु क्लब असो वा नसो, नाव कोणतेही असो, आमची सूचना साधी आहे. चौघे मिळून आठवड्याचा एक वार ठरवा. त्या वारी एकच काम करा: शेजारच्या वृद्ध बाईंस वर्तमानपत्र वाचून दाखवा, खालच्या वर्गातील एखाद्या मागे पडलेल्या मुलाचे गणित घ्या, गेल्या वर्षी लावलेले झाड जगले की नाही हे पाहा. दुसऱ्या आठवड्यास एकमेकांस विचारा, “गेला होतास काय?” आणि गेला नसाल, तर तसे स्पष्ट सांगा. वर्षभर हा एक वार पाळला, तर स्नेहसंमेलनातील दहा भाषणांनी येणार नाही इतकी समज तुम्हांस येईल.

पालकांसही एक विनंती आहे. मुलगा मदतनिधीची पावतीपुस्तिका घेऊन घरी येतो, तेव्हा आपण खिशात हात घालून पावती फाडतो आणि त्याला मोकळे करतो. त्यामुळे निधीची भर होते, पण मुलाचे शिक्षण बुडते. पैसे द्याच, परंतु त्याबरोबर त्यास इतकेच विचारा की, हे पैसे कोठे जाणार, तेथे कोण सांभाळणार, आणि पुढल्या महिन्यात पाहून कोण येणार. त्याला उत्तर देता आले नाही, तर दोघांनी मिळून शोधून काढा.

भोरकडील त्या शाळेतील वहीत त्या दोन मुली रोज पाण्याची नोंद करीत असतात, असे परवा कळले. विजेच्या बिलाचाही काही मार्ग निघाला आहे. यंत्र पुन्हा केव्हा तरी बिघडेलच, यंत्रे बिघडावयाचीच. त्या दिवशी पाहावयास येणारा कोणी तरी असला, म्हणजे झाले.